नानांची पांढरी गच्ची

भर दुपारी कुणी तुमची बेल वाजवली आणि आत येऊन थेट छतावर बंदूक रोखली, तर घाबरू नका. थेरगावातल्या आमच्या सोसायटीचे ते नाना. बंदूक ताप मोजायची आहे.

नाना आयुष्यभर कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले, पण सवय कुठली जाते! रस्ता, बाकडं, उन्हातली स्कूटर, सगळ्यावर बंदूक धरायची आणि निकाल द्यायचा, ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’. एकदा चेअरमनच्या टकलावर धरली. रिजेक्ट.

माझा वैताग निराळा. मी चाकणला तिसऱ्या पाळीला, राहायला गच्चीच्या खाली. सकाळी येऊन झोपावं, तर दुपारी हे हजर.

‘झोपला व्हतास?’

‘हो नाना!’

‘या छताखाली? शक्य न्हाई. रिजेक्ट.’

मग भिंत रिजेक्ट, पंखा रिजेक्ट. फक्त खिडकीवरच्या ओल्या चादरीशी थबकले. ‘ही ओके,’ म्हणाले आणि गेले.

नानांचा हट्ट एकच, गच्चीला पांढरा चुना मारा. मीटिंगमध्ये पेपरचं कात्रण फडकवलं. ‘शहरं तापत चालल्यात, छतं पांढरी करा म्हणत्यात. आन् आमी? गणपतीच्या मांडवाचा रंग ठरवतोय!’

चेअरमन म्हणाले, ‘नाना, तुम्ही तर तळमजल्यावर. तुम्हाला काय त्रास?’ सगळे हसले. मीही हसलो. ठराव बारगळला.

रविवारी पाळीवरून येऊन पडलो, तर डोक्यावर खरखर. चिडून वर गेलो. म्हातारा लेंगा खोचून एकटाच झाडूनं चुना मारत होता.

‘नाना, ठराव नामंजूर झालाय!’

‘ठराव रिजेक्ट.’

मी दुसरा झाडू उचलला.

अर्धी गच्ची झाल्यावर नाना टेकले. ‘मी बी तिसऱ्या पाळीचा. घर पत्र्याचं. पण दिवसा असा गाढ झोपायचो! समद्यांना सांगायचो, आमचं घर लई गार हाय.’ झाडूवरचा चुना झटकला. ‘ही गेली, त्या उन्हाळ्यात कळलं पत्रा किती तापतो. शेजारीण म्हणाली, तुमी झोपलात की ती शिडी लावून तासातासाला पाणी मारायची. वीस वर्षं. ती बोलली न्हाई, मी कधी विचारलं न्हाई.’

मी खाली आलो. खिडकीवरची चादर टपटपत होती. लग्न झाल्यापासून ती रोज ओलीच असते. बायको बादली घेऊन मोरीकडे निघाली होती.

मी बादली काढून घेतली. म्हणालो, ‘आज तू झोप.’

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आलाय का म्हणून.