गोगलगाय आणि प्रॉम्प्टर

चिमीचा बाबा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. पडद्याच्या कडेला विंगेत संहिता धरून उभं राहायचं आणि नट अडखळला रे अडखळला की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानावर घालायचा, हे त्याचं काम. कामात माणूस एक नंबर. पंचाईत एवढीच, की घरी आल्यावरही त्याची विंग काही सुटत नसे.

"अहो, भाजीत मी..." बायको म्हणायची.

"मीठ," बाबा पुरवायचा.

"विसरले नव्हते मी. श्वास घेत होते."

बायको निदान भांडून घ्यायची. दुसरीतल्या चिमीने मात्र सोपा मार्ग धरला होता. अर्धं वाक्य बोलायचं आणि बाबाकडे बघायचं. घरी हे छान चालायचं, पण शाळेत विंग कुठली? मागे 'माझं आवडतं फूल' एवढं म्हणून ती फळ्यासमोर जी गप्प उभी राहिली, ती बाईंनी हात धरून जागेवर नेईपर्यंत. त्या दिवशी घरी येऊन ती पोटभर रडली होती. आता पुन्हा बोलायची पाळी आली होती, या वेळी प्राण्यावर, आणि जमत नसेल तर चिमीचं भाषण दुसरी कोणी मुलगी वाचून दाखवेल, असं बाईंनी प्रेमानेच सुचवलं होतं.

"मलाच बोलायचंय," चिमी म्हणाली. "गोगलगायीवर. तिला कोणी घाई करत नाही."

बाबाने कंबर कसली. संहिता लिहिली, मधे कंसात 'येथे किंचित हसणे' वगैरे सूचना घातल्या आणि तालमी सुरू केल्या. भाषणाची सुरुवात होती, 'हे संथगामिनी तपस्विनी!'

"गोगलगायीला बोलवताय की राजकन्येला?" बायकोने विचारलं. तिने अंगणातल्या कुंडीखालची एक गोगलगाय पानासकट खोक्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. वाटेत बाबाने, नटीला जरा वारा लागावा म्हणून, ते सैल केलं आणि खोकं छातीशी धरून तो शाळेत पोचला.

पालकांना मागच्या बाकांवर बसायची मुभा होती. पण मागून पुरवलेला शब्द अख्ख्या वर्गाला ऐकू जाणार. म्हणून बाबा हळूच सरकत सरकत फळ्याशेजारच्या कपाटाआड जाऊन उभा राहिला. बाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

चिमीने झाकण उघडलं. आत नुसतं पान.

वर्ग खुसूखुसू हसायला लागला. "गोगलगाय..." चिमी म्हणाली आणि थांबली. तिने कपाटाकडे पाहिलं. बाबाने पुढे वाकून 'हे संथगामिनी' म्हणायला श्वास घेतला, तोच त्याच्या हनुवटीवर काहीतरी गार, ओलं सरकलं. खोक्यातून कॉलरवर आणि कॉलरवरून वर चढलेली नटी आता त्याच्या खालच्या ओठाशी पोचली होती. तोंड उघडलं असतं तर ती आत गेली असती.

"बाबा, तोंड उघडू नको," चिमी म्हणाली. "ती घाबरेल."

"या, बाहेर या," बाई म्हणाल्या. "मुलांना दिसू दे."

बाबा मान ताठ ठेवून फळ्यासमोर येऊन स्टुलावर बसला. पोरं भोवती गोळा झाली.

"हे तिचे डोळे. शिंगांच्या टोकाला असतात," चिमी बोटाने दाखवत म्हणाली. "हात लावला की ती आत घेते. आणि तिच्या पाठीवर तिचं..."

ती थांबली. संहितेत तिथे 'शंखरूपी निवासस्थान' होतं. बाबाच्या घशाशी ते येऊन बसलं होतं. त्याला दरदरून घाम फुटला. इतकी लांब शांतता त्याने आजवर कधी चालू दिली नव्हती. चिमीने त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, ओठ चावला.

"...घर असतं," ती म्हणाली. "म्हणून तिला घरी पोचायला कधीच उशीर होत नाही."

वर्ग खदखदून हसला, आणि या वेळी चिमीही हसली. मग मात्र तिची गाडी सुटली. ती अडायची, विचार करायची, पुढे जायची, आणि जो शब्द सापडायचा तो तिचा स्वतःचा असायचा. बाबाचे डोळे भरून आले. या गोगलगायीचे उपकार मानावेत तरी कुठल्या तोंडाने? होतं त्या तोंडावर तीच बसली होती.

शेवटी चिमीने पान पुढे धरलं आणि गोगलगाय सावकाश त्यावर उतरली. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"छान बोललीस गं. तयारीत कोणी मदत केली?"

"बाबाने."

"हो? काय केलं त्यांनी?"

चिमी विचारात पडली. बाबाचं तोंड आता मोकळं होतं. संहिता, तालमी, आवाजाचे चढउतार, सगळं त्याच्या जिभेवर रांगेने उभं होतं. त्याने ओठ मिटले आणि वाट पाहिली.

"तो गप्प बसला," चिमी म्हणाली.