तेवीस कोटींचे साळवे काका

आमच्या शेजारच्या साळवे काकांच्या फाटकावर नाव नाही, घरक्रमांकही नाही. तिथे पितळी अंकांत २३२७९२५६० एवढेच लिहिलेले आहे. कुरियरवाले तो फोन क्रमांक समजतात. परवा एक जण फाटकाबाहेरून ओरडला, "चाचा, नंबर में एक आकडा कम है!"

"कम नाय रे बाबा, बराबर हाय," काका आतून म्हणाले. "भाग घालून बघ!"

या संख्येला एक ते वीसपैकी कशानेही भागा, काही उरत नाही. आणि असा गुण असलेली ही सर्वांत लहान संख्या आहे. काकांच्या मते मात्र ती संख्या नसून आदर्श यजमान आहे. "सात जण येऊ द्या, तेरा येऊ द्या, समद्यांला सारखा वाटा. माणसानं असंच असावं."

वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर सुटे भाग मोजून तपासले. निवृत्तीनंतर ते माणसे तपासू लागले. कसे आहात असे विचारले, तर उत्तर ठरलेले: "बाकी शून्य!" कॉलनीतल्या प्रत्येक वाढदिवसाला केक तेच कापतात, कारण सुरी त्यांच्याकडून काढून घेण्याची कोणाची हिंमत नाही. ते पाहुणे मोजतात, कोनमापक लावतात, आणि तोवर उत्सवमूर्तीला झोप लागलेली असते. मूळ संख्यांवर त्यांचा विशेष राग. "सतरा लई आखडू. कुणाशी जमतच नाय त्याचं. तरी बी आपल्या आकड्यानं त्याला घरात घेतलं."

मी गणितात एम.एस्सी. केले आहे, त्यामुळे एकदा मला राहवले नाही. "काका, तुमच्या संख्येला तेविसाने भाग जात नाही. पंधरा उरतात."

"पंधरा माणसं उपाशी?" काका हादरलेच. मग कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

अखेर मीच तह केला. एकवीस म्हणजे तीन गुणिले सात, बावीस म्हणजे दोन गुणिले अकरा. हे सगळे अवयव त्या संख्येत आधीच आहेत, तेव्हा त्या दोघांनीही भाग जातो, असे मी सिद्ध करून दाखवले. काका उडालेच. "म्हंजे दोन जागा जास्तीच्या व्हत्या? अन् मला पत्ताच नाय!" संध्याकाळी आमच्याकडे पेढे आले. अर्थातच बावीस.

मर्यादा वीसचीच का, हे मला दिवाळीनंतरच्या रविवारी समजले. वर्षातून त्या एका दिवशी काकांचे सारे कुटुंब त्यांच्याकडे जेवायला येते. त्यांना धरून वीस माणसे. काकू गेल्यापासून स्वयंपाक ते स्वतःच करतात. मी खिडकीशी पीएच.डी.चा अर्ज लिहीत होते आणि वांग्याच्या भाजीचा वास थेट माझ्या संशोधनाच्या उद्दिष्टांत शिरत होता.

मग फोन सुरू झाले. पुण्याच्या पुतण्याकडचे सहा जण येणार नव्हते. "चौदा? काय हरकत नाय, भाग जातोय," काका मोठ्याने म्हणाले. बिडकीनच्या भावाकडे अचानक पाहुणे आले. आठ कमी झाले. "सहा. जातोय की!" दुपारी खुलताबादच्या बहिणीचा फोन आला. तिचा गुडघा धरला होता. तिला सोडून तिच्या घरचे चौघेही निघणार नव्हते.

"नाय, नाय, तू आराम कर, अक्का," काका म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला. नंतर हळूच, बहुधा त्या भाजीलाच उद्देशून, ते बोलले, "एकाला बी जातोच की भाग."

मी लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

"काका, भूक लागली आहे."

त्यांनी घाईने चष्मा पुसला, ताट मांडले आणि भाजी, भाकरी, ठेचा वाढतच सुटले.

"अहो, माझ्या वाट्याला हे फार होतंय!"

"गप. दोघांत कसला आलाय भागाकार?"

आम्ही जेवलो. हात धुताना त्यांनी माझ्याकडे न पाहताच विचारले, "संध्याकाळच्याला बी येतीस का?"

"येते," मी म्हणाले.