शिवदासमामांनी पुसलेल्या फ्लॉप्या

खंडेनवमीच्या सकाळी शुभा मरोळच्या गाळ्यातल्या ऑफिसात शिरली, तेव्हा टेबलावर बारा फ्लॉप्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर झेंडूचं फूल, कोपऱ्यात हळदकुंकवाचं बोट, आणि लेबलावर नुसता निळा ढग.

"शिवदासमामा, लेबलांवरची नावं कुठे गेली?"

"पुसलंय गो, ओल्या फडक्यान," शिवदास शिपाई अभिमानाने म्हणाले. "हत्यारां अशी धुळीची पूजेक ठेवतत काय कोण?"

शाईच्या पेनाने लिहिलेली नावं ती! त्या बारांत घाटकोपरच्या एका छोट्या इस्पितळाचा प्रोग्रॅम होता. जुन्या प्रोग्रॅमने हर्नियाच्या धाकू नावाच्या पेशंटला थेट बाळंतिणींच्या वॉर्डात खाट दिली होती. ती चूक शुभाने पंधरा दिवस खपून काढली होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर दुरुस्त प्रोग्रॅम सुरू व्हायचा, म्हणून अकरा वाजता रुक्मिणी मेट्रन फ्लॉपी न्यायला येणार होत्या. शुभाची सहा महिन्यांची उमेदवारी त्याच आठवड्यात संपत होती. धाकू पुन्हा बाळंतिणींत गेला, की शुभा घरी!

जुन्या-नव्या फायलींचं नाव एकच, त्यामुळे नुसतं नाव बघून ओळखता येईना. पण शुभाला एक कमांड ठाऊक होती. काळ्या पडद्यावर 'सम' टाइप करून पुढे फायलीचं नाव द्यायचं, की मशीन अख्खी फाइल चाळून एक आकडा सांगायचं. आत एक टिंब जरी बदललं, तरी आकडा बदलायचा. जणू फायलीचा अंगठ्याचा ठसाच. दोन्ही आकडे तिने वहीत टिपले होते. जुनीचा २८६४३, दुरुस्तीचा ४११०७.

पहिल्या चार फ्लॉप्यांत भलत्याच फायली निघाल्या. पाचवीत २८६४३. सहावी मशीन वाचेचना, कारण खाचेत कुंकू गेलं होतं. शिवदासमामा फुंकर मारायला धावले.

"मामा, हात लावू नका!"

"बरां बाई. देवीचा नाव घेतंय."

तेवढ्यात श्यामसुंदर साहेब केबिनमधून आले. सगळं ऐकून हसले आणि कपाटातून एक फ्लॉपी काढून नाचवत म्हणाले, "एवढं काय घाबरतेस? मेट्रनना द्यायला मी कॉपी आधीच वेगळी ठेवलीय ना! बघ, लेबल कसं झकास: 'नवीन'. ते आकडेबिकडे सोड, हीच देऊन टाक."

"सर, एकदाच बघते."

"माझ्या अक्षरावर विश्वास नाही?"

"अक्षरावर आहे, सर."

पडद्यावर आलं, २८६४३.

"मशीन येडं झालंय, यार!"

शुभाने पुन्हा कमांड दिली. पुन्हा तेच. साहेबांनी जुन्याचीच कॉपी करून वर सुंदर अक्षरात 'नवीन' लिहिलं होतं. मामांनी फडकं फिरवलं नसतं, तर तीच फ्लॉपी इस्पितळात गेली असती आणि कुणाला संशयही आला नसता.

साहेब खुर्चीत बसले. शुभा पुढच्या फ्लॉप्या घालत गेली. अकराव्या फ्लॉपीवर ४११०७ उमटला, तेव्हा मेट्रन दारात उभ्या होत्या.

"आधी धाकूला बघू द्या," त्या चष्मा लावत म्हणाल्या. शुभाने नाव टाइप केलं. पुरुष वॉर्ड, खाट सात.

"सुटला बिचारा!" मेट्रन म्हणाल्या आणि फ्लॉपी पर्समध्ये जपून ठेवून गेल्या.

मग साहेबांनी हळूच कपाटातून बुटांचा एक खोका काढला. आत साठेक फ्लॉप्या, एकेकीवर मोत्यासारखं अक्षर.

"शुभा... जरा यांचेही आकडे काढशील?"

"पण सर, माझी उमेदवारी शुक्रवारी संपतेय."

"आता कुठली संपतेय!" असं म्हणत साहेबांनी दुसरा खोकाही बाहेर काढला.