पिवळ्या पट्टीतली शांतता

साळुंखेकाकांकडे चहाचा कप कुठे ठेवायचा हे विचारावं लागत नाही. टेबलावर पिवळ्या चिकटपट्टीचा चौकोन आखलेला असतो. मी एकदा कप चौकोनाबाहेर ठेवला, तर काकांनी तो मुकाट उचलून माझ्या हातात परत दिला.

काका आमचे तळवड्यातले शेजारी. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं सुपरवायझर; तिथे प्रत्येक वस्तूची जागा अशीच पिवळ्या पट्टीने आखलेली. रिटायर झाले आणि काही महिन्यांतच बाल्कनी बंद करून त्यांनी 'टेन्शन उतरवायची खोली' काढली. तुळस पट्टीत, पंखा पट्टीत, दोन खुर्च्या आपापल्या पट्टीत. भिंतीवर चेकलिस्ट : पडदा ओके, उदबत्ती ओके, दीर्घ श्वास दहा नग.

"वस्तू जागेवर, तर डोकं जागेवर, राव!"

पहिलं गिऱ्हाईक मी. साहेबांशी भांडून आलो होतो. सातव्या श्वासाला उदबत्तीचा ठसका लागला. "रिजेक्ट! पैल्यापासून घे." तिसऱ्या फेरीत मी साहेबांना मनापासून माफ केलं. काकांपुढे ते फारच मवाळ वाटायला लागले.

तरी रोज जायचो. माझ्यावाचून खोलीचं अडतं, असा माझा गोड समज. एका संध्याकाळी वारा लागावा म्हणून खिडकीजवळच्या दुसऱ्या खुर्चीत बसलो.

"ऊठ!" काका असे ओरडले की माझे दहाही नग एकदम सुटले. "ती सागरची हाय."

सागर त्यांचा मुलगा. आयटीतली नोकरी गेल्यापासून आतल्या खोलीचं दार लावून असायचा, हे मला ठाऊक होतं. ही खोली कुणासाठी, एवढंच काय ते डोक्यात शिरलं नव्हतं.

"मग मला कशाला बसवता रोज?"

"मशीनला खरा माल लावायच्या आधी भंगारातल्या तुकड्यावर सेटिंग बघत्यात." मग त्यांचा आवाज उतरला. "आन् त्या दिवशी तुझ्या ठसक्याला तो आत हसला. ऐकलं मी. चार महिन्यांत पैल्यांदा."

दुसऱ्या दिवसापासून मी आतपर्यंत पोचेल असं खोकू लागलो.

गेल्या रविवारी गेलो, तर सागरची खुर्ची पट्टी सोडून तिरकी, खिडकीकडे तोंड केलेली. खाली फरशीवर चहाचा रिकामा कप. मी सवयीने खुर्ची सरळ करायला वाकलो.

काकांनी माझा हात धरला. "राहू दे, राव. आत्ता उठून आंघोळीला गेलाय."

आणि आपली खुर्ची पट्टीतून ओढून त्यांनी तिच्याशेजारी तशीच तिरकी लावली.