प्रेशरतात्या आणि जीर्णोद्धार समिती

आमच्या आळीत कुणाची डाळ शिजली आणि कुणाची नाही, हे त्या त्या घरातल्या बाईच्या आधी प्रेशरतात्यांना कळतं. सकाळी साडेदहाच्या सुमारास ते पडवीतल्या झोपाळ्यावर डोळे मिटून बसलेले असतात. नवख्या माणसाला वाटतं, जप चाललाय. प्रत्यक्षात ते सात घरांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत असतात. मधेच एक डोळा उघडतो आणि कुंपणापलीकडे हाक जाते, "सूनबाय, तिसरी शिट्टी आखूड झाली! रिंग बदला!"

एकदा आमच्याकडे पुण्याचे पाहुणे बसले असताना तात्या पायरीवर चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद केला, कुकर नळाखाली धरला, झाकणाच्या भोकातून तुरीचं एक टरफल काढलं आणि माझ्या बायकोच्या तळहातावर ठेवलं.

"वयनी, ही डाल न्हाय, बंदुकीची गोली हाय."

"अहो तात्या, बाहेर पाहुणे बसलेत!"

"बसलेत ना? उडन्यापेक्षा बसलेले बरे."

पाहुणे त्यानंतर फार वेळ बसले नाहीत.

तात्यांचं खरं नाव गजानन म्हात्रे. सगळी हयात त्यांनी खाडीकाठच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. बॉयलरला बाहेरून काचेची एक उभी नळी असते. आत पाणी किती आहे ते त्या नळीत दिसतं, आणि पाणी कमी पडलं की पुढचं कुणालाच दिसत नाही. चाळीस वर्षं त्या काचेकडे बघितल्यामुळे तात्यांना जगात दुसरं काही बघण्यासारखं आहे असं वाटेनासं झालं. कुणी लग्नाचं स्थळ सांगितलं, मुलगा इंजिनियर आहे, पनवेलला फ्लॅट आहे, की तात्या म्हणणार, "ते धुराडं झालं. काचेत पानी किती?" निवडणुकीतला उमेदवार घसा फोडून बोलायला लागला की, "आटलंय. आटलंय. पलीकडं व्हा."

माझ्याबद्दलचं त्यांचं मत त्यांनी एकदा माझ्या तोंडावर सांगितलं. मी तालुक्याच्या कोर्टात अनुवादक होतो, म्हणून ते मला कोर्टवाले म्हणतात. "कोर्टवाले वाचतात लय. पानी भरपूर हाय. खाली जाल न्हाय." माझी इतकी थोडक्यात समीक्षा आजवर कुणी केलेली नाही.

आता इंजिनाकडे येतो. आमच्या नागावच्या दक्षिणेला, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर, तात्यांच्या त्या, आता बंद पडलेल्या कारखान्याची शेड होती. मोठ्या चक्रीवादळात तिचे पत्रे उडून वाडीत गेले आणि आत एक छोटं वाफेचं इंजिन उभं असल्याचं गावाला दिसलं. कधीकाळी ते कारखान्यापासून जेटीपर्यंत मालाचे डबे ओढायचं. त्याच्या शेवटच्या काही वर्षांत त्याच्यावर कोळसा टाकायला होता विशीतला गजानन म्हात्रे. शेजारच्या तीन पोफळी वादळात इंजिनावर पडल्या होत्या. पोफळी मोडल्या, इंजिनाला ओरखडाही नव्हता. गावाला त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला तो तेव्हापासून.

आदर वाटला की आमच्याकडे समिती होते. सरपंचबाईंनी तिचं नाव ठेवलं ‘इंजिन जीर्णोद्धार समिती’. जीर्णोद्धार हा शब्द देवळासाठी वापरतात, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर शब्द बदलण्याऐवजी मलाच चिटणीस करण्यात आलं. परिणाम व्हायचा तो झाला. आठवडाभरात इंजिनाच्या पुढ्यात जास्वंदीची फुलं दिसू लागली, धुराड्याला लिंबू-मिरची लागली आणि कुणीतरी पायरीजवळ पाटी ठोकली, ‘चपला काढून वर चढावे’. तात्या तेवढे बूट घालून चढायचे. "भट्टीत अनवानी कोन शिरतो? देवबी न्हाय शिरायचा."

समितीच्या सभा शाळेच्या वर्गात व्हायच्या, त्यामुळे सगळे मोठे लोक गुडघे हनुवटीला लावून बसलेले असत. त्या बाकांवर दोन पक्ष पडले. पहिला पक्ष मुंबईहून येणाऱ्या एका वारसातज्ज्ञांचा. त्यांच्या मते इंजिनाला हात लावणं म्हणजे इतिहासाला हात लावणं. गंजसुद्धा मूळचा आहे. नळ्या बदलल्या, भट्टीचे पत्रे बदलले, तर जे धावेल ते हे इंजिन असेल का? प्रश्न मोठा होता. मी तो इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिला. तात्या म्हणाले, "सायेब, तुमचे दात बशिवलेले हायेत ना? मग आता जेवतो तो कोन?"

दुसरा पक्ष होमस्टेवाल्या राजनचा. त्याला इंजिन धावायला हवं होतं, पण वाफेची कटकट नको होती. "आतमधी बॅटरीची मोटर टाकू. धूर काय, लग्नात नवरानवरी येताना सोडतात ना, ते मशीन लावू. शिट्टी स्पीकरवर. पब्लिकला काय कळतंय?"

त्या दिवशी तात्यांच्या काचेतलं पाणी आटलेलं मी प्रथमच पाहिलं. ते बाकातून उठायला गेले, बाक त्यांच्यासकट उठला. "मेलेल्या मानसाच्या खिशात मोबाईल वाजवशील आनि म्हनशील, बोलतोय! वाफेवर चालवायचं तर चालवा, न्हायतर फुलं वाहा आनि घरी जा."

ठराव वाफेच्या बाजूने झाला. कारण फार उदात्त नव्हतं. सगळ्यांचे पाय दुखायला लागले होते.

तात्यांना ते इंजिन का चालवायचं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे. त्यांचा मुलगा विलास नाशिकला असतो. काकी, म्हणजे तात्यांची बायको, गेल्यानंतरच्या पाच वर्षांत तो दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळी येऊन संध्याकाळी परत. बापलेकांचं भांडण झालेलं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. दोघांना बोलायला विषय नाही, एवढंच. तात्या फोनवर तार केल्यासारखे बोलतात, "बरा हाय. पाऊस हाय. ठेव." पण इंजिनाचं कळल्यावर विलास स्वतःहून म्हणाला होता, "चालू होईल त्या दिवशी पोरांना घेऊन येतो. त्यांना बघू दे, आजोबा काय करायचे." हे वाक्य तात्यांनी मला निदान नऊ वेळा सांगितलं, दर वेळी दुसऱ्याच कशावरून तरी सुरुवात करून.

आठ महिने ते त्या इंजिनात राहिले म्हटलं तरी चालेल. अलिबागचा एक मेकॅनिक हाताखाली घेऊन त्यांनी नळ्या बदलल्या, खारट वाऱ्याने धरलेले नट रॉकेल पाजून पाजून सोडवले. बॉयलरमध्ये पाणी भरून दाबाची चाचणी झाली. काटा जिथे ठेवला तिथे राहिला. टाळ्या वाजल्या. समितीने लगेच तारीख धरली, मोठे पाहुणे ठरवले, पत्रिका छापली. पत्रिकेवर अकरा नावं होती, उतरत्या टायपात. मांडववाल्याच्या खाली सर्वांत बारीक अक्षरात तात्या. पहिल्या फेरीला जिल्हा परिषदेच्या शाळेची वीस मुलं डब्यात बसणार होती. त्यांत माझी नात मुक्ता, खिडकीजवळ. तात्यांनी नवी खाकी शिवली. विलासने रजा टाकली.

आता सरकारी निरीक्षक येण्याआधी ‘आतून तपासले, ठीक आहे’ एवढं तात्यांनी लिहून द्यायचं राहिलं होतं. कार्यक्रमाला आठ दिवस असताना ते हातोडी घेऊन भट्टीत शिरले, तासाभराने बाहेर आले आणि म्हणाले, "न्हाय."

"काय नाही?" सरपंचबाई.

"चालनार न्हाय."

समिती हादरली. दाब तर टिकला होता! त्यांची समजूत घालायला, शब्दांचा माणूस म्हणून, मला पाठवण्यात आलं. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण मी खरोखरच समजूत घालायला गेलो होतो. भपक्याला आयुष्यभर हसलेला मी, माझं नाव पत्रिकेवर चौथं होतं.

दुपारचे चार वाजले होते. तात्या इंजिनाच्या पायरीवर बसले होते. मी सुरुवात केली, "तात्या, निरीक्षक आहेत ना? त्यांना ठरवू दे. त्यांना तरी कळेल का हे?"

"कलंल बी, न कलंल बी. मला कललं ना." ते उठले. "चला आत."

भट्टीचं दार घरातल्या देवळीपेक्षा थोडंच मोठं असतं. साठी उलटलेला, पोट सुटलेला मी त्यातून कसा आत गेलो ते सांगण्यासारखं नाही. आत काळोख, गंजाचा वास. तात्यांनी बॅटरी लावली. भट्टीला दोन भिंती असतात, मधे पाणी. दोन्ही भिंती एकमेकींपासून फाटू नयेत म्हणून त्यांना शेकडो लोखंडी खुंट्या आरपार धरून ठेवतात. त्यांना स्टे म्हणतात.

"आयका." त्यांनी हातोडी मारली. ठण. दुसऱ्यावर. ठण. ओळीने पटापट, ठण ठण ठण. मग खालच्या कोपऱ्यात आले. बद. पुन्हा मारली. बद.

"हा आतून तुटलेला हाय. असे बारा, एकाच कोपऱ्यात. थंड पान्याला भिंत उभी राहिली. गरम झाल्यावर राहील, मी सांगू शकत न्हाय."

"राहीलही."

"राहील बी." त्यांनी बॅटरी विझवली. काळोखात म्हणाले, "खिडकीजवल कोन बसनार हाय, सांगा की कोर्टवाले."

बाहेर येताना माझा शर्ट फाटला, तेवढाच आवाज झाला.

समजूत घातली गेली, ती माझी. मी परत जाऊन समितीला कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगितलं. राजनने मला चार शब्द सुनावले, मी ते इतिवृत्तात घेतले नाहीत. माणसाला कृतज्ञता वाटते म्हणजे नेमकं काय होतं, हे मी पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं. त्या दिवशी घरी आलो तेव्हा मुक्ता ओट्यावर पाय हलवत बसली होती. मी तिच्याकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. "आबा, तुम्ही तांबडे का झालात?" ती म्हणाली. त्यापलीकडे मला काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या आमच्या अंगणात आले. हातात मोबाईल. "विलासला तुमी सांगा. मला नीट बोलता येत न्हाय. म्हनावं, इंजिन फेल. रजा फुकट घालवू नको. येऊ नको."

"तुम्हाला तो यायला हवाय ना?"

"तो इंजिन बघाया येत होता. इंजिन न्हाय. सांगा."

आणि माझं बोलणं ऐकू येऊ नये इतक्या लांब, विहिरीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

बत्तीस वर्षं मी साक्षीदारांचे जबाब एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेले. एकदाही त्यात माझं पदरचं काही घातलं नाही. विलासने फोन उचलला. मी म्हणालो, "इंजिन चालणार नाही. तुझ्या वडलांनीच नको म्हटलं, पोरांच्या जिवासाठी. आणि त्यांनी सांगितलंय, तू ये." पहिली दोन वाक्यं खरी होती.

तात्यांनी विहिरीपासून विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

ठरल्या दिवशी मांडव नव्हता, पाहुणे नव्हते. दहाच्या सुमाराला विलास आला, बायको-पोरांसकट. तात्या पडवीत जुन्या लेंग्यात होते. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मी कुंपणातली जास्वंद निरखू लागलो. मग तात्या सगळ्यांना शेडकडे घेऊन गेले. मागोमाग मी, चिटणीस या नात्याने.

पोरं इंजिनावर चढली. तात्या विलासला घेऊन भट्टीत शिरले. बाहेर आम्हाला ठण ठण ऐकू येत होतं, मग बद. बाहेर आला तेव्हा विलासचा पांढरा शर्ट विटकरी झाला होता.

"मग आता याचं काय करणार, बाबा?" त्याने विचारलं.

"बारा स्टे काढायचे, नवे बसवायचे. दोन मानसं लागतात. एकानं आतून ठोकायचं, दुसऱ्यानं भायेरून दाबून धरायचं."

"तो अलिबागचा मेकॅनिक आहे ना?"

"त्याला घाई असते."

विलासने हात पुसले. इंजिनाला एक चक्कर मारली, बाहेरच्या भिंतीवर जिथे दाबून धरायचं ती जागा हाताने चाचपली. "मी सुट्टीच्या दिवसांत येऊ शकतो," तो म्हणाला. "किती दिवसांचं काम आहे?"

तात्यांनी हातोडी पायरीवर ठेवली.

"सांगता येत न्हाय," ते म्हणाले. "मी आता म्हातारा झालो. हलू ठोकतो."

तासाभरात शेकडो स्टे ठोकून तपासणारा हा माणूस हळू ठोकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.