डॉक्टरांच्या दारातला नायटा

त्वचारोगांच्या डॉक्टरांच्या दारातल्या हिरवळीलाच नायटा झाला, ही बातमी गल्लीभर पसरायला फारसा वेळ लागला नाही.

तरुण डॉक्टर मुळात अबोल. पेशंटला सूचनासुद्धा ते टेबलाशी बोलल्यासारख्या देत: "कोरडं ठेवा. हवा लागू द्या. झाकू नका. दुसऱ्याचा टॉवेल वापरू नका." नवा दवाखाना, रिकामा बाक आणि खिडकीबाहेर उतरत जाणारं ऊन, अशा वेळी त्यांना हिरवळीचाच काय तो आधार. रोज दिवेलागणीला ते पाइप घेऊन उभे राहत आणि मनातली सारी हुरहूर गवतावर शिंपडत.

एका सकाळी दवात कोळिष्टकासारखे पांढरे तंतू दिसले. पाठोपाठ ताटलीएवढं पिवळट वर्तुळ उमटलं, कडेने तपकिरी.

"तहानलंय बिचारं," म्हणत डॉक्टरांनी पाणी दुप्पट केलं. वर्तुळं वाढली. अंगात ताकद नसेल म्हणून खत घातलं. वर्तुळं परातीएवढी झाली.

फाटकाशी दोन बायका थबकल्या. "स्वतःच्या दारातलं बरं होईना, आपलं काय करणार?" एक म्हणाली, आणि दोघी आल्या पावली परतल्या. डॉक्टरांनी घाईघाईने वर्तुळांवर जुनी सतरंजी अंथरली. ती उचलली तेव्हा खालचं गवत बुळबुळीत झालं होतं. मग त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत यंत्र फिरवून गवत कापलं. यंत्राने रोग अगदी इमानेइतबारे हिरवळीच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचवला.

"आई, दवाखान्याची पाटी उतरवावी म्हणतो," जेवताना ते म्हणाले.

"पाटी राहू दे. तुझ्या खोलीची भिंत पातळ आहे. तू पेशंटला सांगतोस ते मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं."

"बरं मग?"

"रात्रभर अंग ओलं ठेवा, असं कधी सांगितलंस?"

"छे!" डॉक्टर म्हणाले.

"वर सतरंजी पांघरा, असं?"

"नाही."

"आणि एकाचा टॉवेल सगळ्यांना?"

डॉक्टरांना ते यंत्र आठवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बुरशी आहे गं ती," ते पुटपुटले.

"तपासलंस एकदाचं," आई म्हणाली आणि तिने आमटी वाढली.

संध्याकाळचं पाणी बंद झालं. आता ते सकाळी, तेही माती सुकल्यावरच. खत थांबलं. मुळाशी साचलेला वाळक्या काड्यांचा थर दाताळ्याने निघाला, कुंपणाची झुडपं छाटून वाऱ्याला वाट मिळाली, यंत्राची पाती दर वेळी धुऊन पुसली जाऊ लागली. हळूहळू वर्तुळांच्या मधोमध कोवळी पाती डोकावली.

तेव्हा समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक आले. दार लावून त्यांनी बाही वर सारली.

"वर्षभर पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतोय हो, उन्हाळ्यातसुद्धा. लाज वाटायची. तुमच्या दारातच नायटा पाहिला, तेव्हा वाटलं, हा माणूस हसणार नाही. मग ठरवलं, गवत सुधारलं की जायचं."

"हसणार नाही, सर," डॉक्टर म्हणाले. टेबलाकडे नव्हे, सरांकडे बघून.

सर बरे झाले. त्यांनी ओळखीतले आणखी काही पूर्ण बाह्यांचे शर्ट पाठवले. बाक भरू लागला. शेवटच्या तपासणीनंतर सर फाटकाशी घुटमळले.

"डॉक्टर, हे फाटकाजवळचं एवढं एक वर्तुळ राहू द्या."

"का, सर?"

"नवा माणूस आत यायला लाजतो हो."

डॉक्टर काही बोलणार, तोच स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला:

"मग त्याला संध्याकाळचं पाणी मी घालू का?"