हलक्या स्प्रिंगची बंदूक

डोळ्यांच्या डॉक्टरांनी निवृत्त ग्रंथपालांना सांगितले, "रोज थोडा वेळ पुस्तकापेक्षा लांबचं काहीतरी बघत जा." ग्रंथपालांनी आजवर जग पाहिले ते डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. त्यापलीकडे काय असते याची त्यांना नीटशी कल्पना नव्हती. चौकशी करता कळले, की जवळच्या व्यायामशाळेच्या मागच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी एका मंडळाची नेमबाजी चालते. ते संकोचत गेले आणि कोपऱ्यात उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या हातात मंडळाची जुनी, हलकी छर्ऱ्याची बंदूक दिली. त्यांनी समोरच्या कागदावर छर्रा मारला, तो काळ्या वर्तुळात बसला. चुकून बसला असेल म्हणून त्यांनी दुसरा मारला. तोही बसला.

त्या दिवशी ते जिना चढताना गुणगुणत होते. पत्नीने दार उघडले आणि गाणारा दुसरा कुणी मागून येतोय का ते आधी पाहिले.

"अशीच एक आपली स्वतःची घ्यावी म्हणतो," ते बुटांकडे बघत म्हणाले.

"घ्या की. मी कुठं नको म्हणते? फक्त एक करा, यावेळी तुमची तुम्ही निवडा. दादाच्या कानावर जाऊ देऊ नका."

दादा म्हणजे पत्नीचा थोरला भाऊ. सगळे त्यांना कर्नल म्हणत. सैन्याशी त्यांचा संबंध मिशांपुरताच होता, नोकरी सगळी विमा कचेरीत गेली होती. ग्रंथपालांच्या घरातला पंखा, कपाट आणि पडदे कर्नलनीच निवडले होते. त्यात कर्नलचा दोष होता असेही म्हणता येणार नाही. ग्रंथपालांचे प्रत्येक वाक्य "मला वाटतं" इथे सुरू होई आणि तिथेच विसाव्याला बसे. पडद्यांच्या वेळी ते "मला वाटतं..." म्हणाले आणि कर्नल म्हणाले, "निळेच!" पडदे निळे आले.

यावेळी मात्र ग्रंथपाल तयारीला लागले. स्प्रिंगच्या बंदुकीवर मिळेल ते त्यांनी वाचून काढले. नळी मधून मोडून खाली ओढली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि बंदूक चढते. मग छर्रा घालायचा, नळी बंद करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते आणि तिच्यापुढची हवा छर्ऱ्याला ढकलते. स्प्रिंग जितकी जोरदार, तितका झटका मोठा आणि नेम अवघड. कागदाला भोक पाडायचे तर हलकी स्प्रिंग उत्तम. एवढे पक्के झाल्यावर त्यांनी आरशासमोर उभे राहून तालीमही केली. "मला हलक्या स्प्रिंगची हवी आहे." आरशातल्या माणसाने मध्ये तोंड घातले नाही.

दुकानात पोहोचले तर काउंटरला टेकून कर्नल उभे.

"या भाऊजी, या! बहिणीनं फोनवर सांगितलं. म्हणाली, दादा, तुला मुद्दामच सांगत नव्हते."

दुकानदाराने दोन बंदुका समोर ठेवल्या. एक सडपातळ, दुसरी चांगली धिप्पाड. "कागदावर मारायचं ना काका? मग ही हलकी घ्या. चढवायला सोपी, झटका कमी. ही दुसरी फार लांबवर मारणाऱ्यांसाठी."

ग्रंथपालांनी हलकी हातात घेतली. ती खांद्याला अशी टेकली, जणू रोजचीच ओळख. त्यांनी घसा साफ केला. "मला वाटतं..."

"जोरदारच!" कर्नल म्हणाले. "अहो, घ्यायची तर अशी घ्या की बघणारा दचकला पाहिजे. ही काय, कान कोरायची काडी?"

"पण कागदच तर..." दुकानदार म्हणाला.

"आज कागद, उद्या पत्रा! माणसानं वाढीला जागा ठेवावी. बांधा ही मोठी. आणि भाऊजी, संध्याकाळी येतो मी. चढवून दाखवायची बरं का!"

परत येताना बंदुकीचे खोके कर्नलच्या खांद्यावर होते आणि ग्रंथपालांच्या हातात छर्ऱ्यांची डबी.

दुपारी ग्रंथपालांनी खोके उघडले. संध्याकाळी फजिती नको म्हणून आधी एकदा चढवून बघावी असे त्यांना वाटले. त्यांनी नळी मोडली आणि खाली ओढली. नळी थोडी आली आणि थांबली. त्यांनी दस्ता मांडीवर ठेवला, मग कोचाला टेकवला, मग डोळे मिटून ओढून पाहिले. शेवटी त्यांनी हाक मारली, "अगं, जरा येतेस का?"

पत्नी पदराला हात पुसत आली. "सोफा सरकवायचाय?"

"नाही. तू इकडून धर, मी तिकडून ओढतो."

दोघांनी मिळून ओढली. एकदाचे 'खट' वाजले. दोघेही खुशीत हसले. संसारात एकमताने झालेल्या गोष्टी तशा मोजक्याच होत्या. मग ग्रंथपालांचे हसू मावळले.

"आता काय झालं?"

"चढली."

"मग चढवायचीच होती ना?"

"हो. पण आता उतरवायची कशी? ही चढलेली सोडता येत नाही. तशीच ठेवली तर स्प्रिंग मरते. रिकामी उडवली तर आतला दट्ट्या आपटून फुटतो. छर्रा घालून मारलीच पाहिजे. असं वाचलंय मी."

"हे चढवायच्या आधी नव्हतं वाचलं?"

"वाचलं होतं," ग्रंथपाल खाली मान घालून म्हणाले, "पण ही चढेल असं वाटलं नव्हतं."

मारायची कुठे, हा प्रश्न उरला. खिडकीबाहेर माणसांची वस्ती. भिंतीवर मारली तर छर्रा उलटून यायचा. ग्रंथपालांनी गादीकडे पाहिले.

"खबरदार!" पत्नी म्हणाली. "त्या गादीला हात लावाल तर याद राखा. जाड पुस्तकात नाही का अडकणार?"

"अडकेल," ग्रंथपालांच्या तोंडून निघून गेले, आणि मग ते स्वतःच्याच शब्दांनी दचकले. वाचकाने पानाचा कोपरा दुमडला तरी ज्यांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे, त्यांच्यावर ही वेळ आली होती. पण बंदूक चढलेली होती. त्यांनी कपाट उघडले. एक जाडजूड कोश काढला, मधेच उघडला आणि उभ्या उभ्या वाचू लागले.

"अहो, वाचायचं नाहीये, मारायचंय!"

"हो, हो. पण हा शब्द बघ ना किती..."

पत्नीने कोश काढून घेतला. दुसरे पुस्तक बक्षीस मिळालेले निघाले, तिसरे आता कुठे मिळत नव्हते, चौथ्याच्या मुखपृष्ठावर मांजर होते. तेव्हा पत्नीने पलंगाखाली हात घातला आणि एक जाड पुस्तक ओढून काढले. 'माघार ठाऊक नाही.' हे कर्नलचे आत्मचरित्र. मुखपृष्ठावर मिशांसह कर्नल. न खपलेले गठ्ठे त्यांनी बहिणीच्या पलंगाखाली ठेवले होते, आणि भेटले की दरवेळी विचारत, "कुठपर्यंत आलात भाऊजी?" ग्रंथपाल म्हणत, "सावकाश वाचतोय." प्रस्तावना फारच लांब होती.

"हे नको गं. त्यांना काय वाटेल?"

"गठ्ठ्यातलं एक गेलं तर काय कळतंय? पाच वाजलेत, दादा येईल आता."

पुस्तक भिंतीला टेकवून उभे केले. ग्रंथपालांनी छर्रा घातला. आदर म्हणून त्यांनी नेम धरला तो मुखपृष्ठाच्या अगदी खालच्या, कोऱ्या कोपऱ्यावर. पत्नी मागे कानांत बोटे घालून उभी राहिली. चाप ओढला. बंदूक आधी मागे आली, मग पुढे गेली, आणि घरभर स्प्रिंगचा झणत्कार झाला.

छर्रा कर्नलच्या नाकाच्या शेंड्यातून आत गेला होता.

"नेम चांगला आहे तुमचा," पत्नी म्हणाली.

"मी कोपऱ्यावर धरला होता."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. ग्रंथपालांना पुस्तक लपवायचे सुचले, पण बंदूक आणि पुस्तक एकदमच लपवावे की एकेक, हे ठरेपर्यंत कर्नल दार लोटून आत आले होते.

"झाली का चढवून? अरे वा! आणि पुस्तकही बाहेर काढलंय? कुठपर्यंत..."

त्यांनी पुस्तक उचलले. स्वतःच्या नाकातल्या भोकाकडे पाहिले. मग पहिले पान उलटले. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, 'प्रिय भाऊजींस, त्यांच्या परखड मताच्या प्रतीक्षेत.' घाईत पत्नीने नेमकी तीच प्रत ओढली होती.

"परखड म्हणजे..." कर्नल हळू म्हणाले, "इतकं नव्हतं म्हटलं मी."

कर्नल भोकाचा माग काढत एकेक पान उलटत गेले. छर्रा प्रस्तावनेच्या शेवटच्या पानावर चपटा होऊन बसला होता.

"बघ दादा," पत्नी म्हणाली, "एवढी तुझी जोरदार बंदूक, तीसुद्धा प्रस्तावनेच्या पुढं नाही गेली. मग यांना काय बोलणार?"

ग्रंथपाल मात्र छर्ऱ्याखालचा मजकूर वाचत होते. ती सवयच होती. तिथे छापले होते, 'यातली प्रत्येक ओळ मी मनातल्या मनात माझ्या भाऊजींना वाचून दाखवली. ते हसले तर ठेवली, गप्प बसले तर पुन्हा लिहिली.'

"म्हणजे तुम्ही एवढंही वाचलं नव्हतंत?" कर्नलनी विचारले. त्यांच्या मिशा जरा खाली आल्यासारख्या दिसल्या.

"मला वाटतं..." ग्रंथपाल म्हणाले आणि सवयीने थांबले.

कर्नलनी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. "बोला. आज मी मध्ये बोलणार नाही."

हे वाक्य पुढे कसे जाते, हे ग्रंथपालांनाही ठाऊक नव्हते. आजवर गरजच पडली नव्हती. त्यांनी डबी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला वाटतं, ही बदलून हलकी आणावी."

"मी पुस्तकाबद्दल विचारत होतो हो!"

"त्याचंही तेच आहे. प्रस्तावनेची स्प्रिंग फार जोरदार झालीय. झटका बसतो आणि माणूस पुस्तकाबाहेर पडतो. ही शेवटची दोन वाक्यं मात्र हलकी आहेत. ती अगदी मधोमध बसली."

कर्नलनी मिशी सारखी केली. मग म्हणाले, "चला. दुकान उघडं असेल."

दुकानात ते एक शब्द बोलले नाहीत. दुकानदाराला ती प्रकृतीची तक्रार वाटली, त्याने त्यांना पाणी दिले. बंदुकीची परीक्षा घ्यायची राहिली होती म्हणून कर्नलनी हलकी एकदा चढवून पाहिली आणि दुकानातल्या लक्ष्यावर छर्रा मारून मोकळी केली. ती त्यांच्याकडूनही जरा जोर लावूनच चढली, पण तेव्हा ग्रंथपाल डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे लांबचं काहीतरी बघत होते.

पलंगाखालचे गठ्ठे कर्नलनी आपण होऊन मंडळाला देऊन टाकले. "छर्रा अडवतंय म्हणजे दणकट आहे," असे ते सगळ्यांना सांगत. रविवारी हॉलमध्ये कागदी लक्ष्याच्या मागे कर्नलच उभे होते, म्हणजे त्यांचे पुस्तक, मुखपृष्ठ भिंतीकडे करून. ग्रंथपालांनी नव्या बंदुकीने छर्रा मारला. बंदूक जेमतेम कुरकुरली.

"कुठपर्यंत आलात?" शेजारी बसलेल्या कर्नलनी सवयीने विचारले.

ग्रंथपाल सावकाश चालत गेले, पुस्तक उचलून मागल्या बाजूने उघडले आणि चष्मा वर करून पाहिले.

"शुद्धिपत्राच्या जरा अलीकडे."

"आणि वर्तुळात?"

"मधोमध."

"मग चालेल," कर्नल म्हणाले.